सेल्फ फिरतो, पण फियाट उठत नाही: नव्या मालकांसाठी

दसऱ्याची सकाळ. बॉनेटवर झेंडूचं तोरण, हळदकुंकू लावून झालेलं, चाकाखाली लिंबू ठेवलेलं. आईने नारळ फोडला आणि मी किल्ली फिरवली. घर्र-घर्र-घर्र. पुन्हा घर्र-घर्र. लिंबू जागच्या जागी. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीतले तीन काका तोवर खाली उतरले होते, आणि तिघांची तीन निदानं होती: प्लग, कॉईल, "पेट्रोल चढत नाहीये".

गाडी म्हणजे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, तोंडात फियाटच. पुढच्या तीन आठवड्यांत एका गॅरेजने माझ्या गाडीची कॉईल बदलली, चार प्लग बदलले, पेट्रोल पंपाला नवा किट टाकला. गाडी एकदा चालू झाली, तीन हात नाक्यापर्यंत गेली आणि तिथेच बसली. दोष शेवटी सापडला तो बोटभर लांबीच्या एका वायरीत. ती कशी सापडली ते पुढे येईलच.

पूर्वी हे लिहायची गरज नव्हती. मुंबईत काळ्या-पिवळ्या फियाट धावत होत्या तोवर नाक्यानाक्यावर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) घासून देणारा मिस्त्री होता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि ते मिस्त्रीही हळूहळू गावी गेले. गॅरेजमधला आजचा मुलगा दोष वाचून दाखवणारा स्कॅनर शोधतो. आपल्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. तेव्हा पहिली तपासणी स्वतःच करायला शिका. ती अवघड नाही, फक्त क्रम सोडायचा नाही.

आधी हे जमवा

- बारा व्होल्टचा टेस्टर बल्ब. इंडिकेटरचा जुना बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, एवढ्यात घरी होतो.
- साधा मल्टिमीटर
- प्लगपाना, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर, रिंगपान्यांचा छोटा सेट
- फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आणि बारीक पॉलिशपेपर
- एक चांगला जादा प्लग, फक्त तपासणीसाठी
- पारदर्शक प्लास्टिकची बाटली आणि हातभर रबरी पाइप
- टॉर्च, सुकं सुती फडकं
- पावडरचं छोटं अग्निशामक. हे "नंतर घेऊ" म्हणायचं नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला वीट. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो आणि जुन्या गाडीत तो न्यूट्रलला आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही, हलवून बघा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन पंख्यापासून लांब. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू झालंच तर तिथे फुरफुरत ठेवू नका, तो धूर जीवघेणा असतो.

१. आधी कान द्या

सेल्फचा आवाज अर्धं सांगून जातो. नेहमीच्या लयीत घर्र-घर्र फिरतंय, तर पुढे वाचा. कण्हत-कण्हत फिरतंय, तर आधी बॅटरी. उभ्या गाडीत चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर ती थकलेली आहे. अशा वेळी इंजिन फिरताना दिसतं, पण सगळा जोर सेल्फ खातो आणि कॉईलला उरतच नाही. मग लोक कॉईल बदलतात.

बॅटरी ठीक आणि तरी सेल्फ जड, तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी बघा. ती गंजली की करंट परतीची दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली तर समजा, वाट तीच आहे.

आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर, अडथळा नसल्यासारखं फिरत असेल तर सेल्फ मारणं लगेच थांबवा आणि सहाव्या पायरीवर जा.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. मी दसऱ्याला काकांच्या आग्रहाखातर मारत राहिलो, त्यात बॅटरीही बसली आणि एका दोषाचे दोन झाले.

२. बॉनेट उघडण्यापूर्वी तीन प्रश्न

*टाकीत पेट्रोल आहे का?* जुन्या गाडीचा काटा हा साक्षीदार म्हणून कामाचा नाही. सरळ दोन लिटर ओता.

*चोर स्विच आहे का?* त्या काळी स्टिअरिंग लॉकवर कोणाचा भरवसा नव्हता. इलेक्ट्रिशियन डॅशबोर्डखाली, सीटखाली, कधी ग्लोव्हबॉक्सच्या मागे एक छुपं बटण बसवून कॉईलची लाइन तोडून ठेवायचे. सेल्फ फिरणार, गाडी उठणार नाही, हाच तर त्याचा हेतू. गाडी नुकती विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाला फोन करून विचारा. तो विसरला असेल तर डॅशबोर्डखाली हात फिरवा.

*गॅसकिट होतं का?* पुष्कळ फियाटना मधल्या काळात गॅस लागला. किट काढलं तरी त्याचा स्विच आणि पेट्रोलच्या पाइपवरचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह तसाच राहिलेला असतो. स्विच चुकून "गॅस"कडे गेला, किंवा व्हॉल्व्हची वायर सुटली, की कार्बोरेटरला पेट्रोल बंद. किट नसेल आणि परत बसवायचंही नसेल, तर तो व्हॉल्व्ह काढून पाइप सरळ जोडून घ्या.

३. करंट की पेट्रोल, एवढंच ठरवा

सेल्फ व्यवस्थित फिरूनही इंजिन उठत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा दोहोंपैकी एक: ठिणगी नाही, किंवा पेट्रोल नाही. हे ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर एक प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल पोचतंय, संशय करंटवर. अगदी कोरडा, म्हणजे संशय पेट्रोलवर. हा पुरावा नव्हे, नुसता इशारा. खरी परीक्षा ठिणगीची.

काढलेल्या प्लगचं भोक उघडं ठेवू नका, प्लग परत लावा. त्याच सिलिंडरच्या वायरीत जादा प्लग घाला आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या लोखंडाला नीट टेकवा. रंगावर नाही, लोखंडावर. हाताने धरू नका. झटका जोरात बसतो आणि दचकून हात पंख्यात जाऊ शकतो. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं असेल तर ते सुकेपर्यंत हे करायचंच नाही. आता कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि सावलीत बघा.

निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक, पाचवी पायरी. पिवळट, केसासारखी बारीक ठिणगी म्हणजे आहे पण कामाची नाही. काहीच नाही, तर चौथी.

४. ठिणगी नसेल तर

कॉईल ठिणगीसाठी लागणारा जोराचा करंट तयार करते, डिस्ट्रिब्युटर तो चार प्लगना वाटतो. कॉईलमधून डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधोमध जाणारी जाड वायर कॅपमधून काढा. तिचं टोक इन्सुलेटेड पकडीने लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. इथे जोरदार ठिणगी आहे पण प्लगवर नाही, तर करंट कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) किंवा प्लगच्या वायरी यांच्यात हरवतोय.

*कॅप आणि रोटर.* ठाण्याची हवा यांची वैरीण आहे. एकीकडे खाडी, दुसरीकडे येऊरचा डोंगर, आणि जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम. कॅप उघडून आत बघा. नुसतं दव असेल तर फडक्याने पुसा, हेअर ड्रायरची गरम हवा द्या, पुष्कळदा गाडी तेवढ्यावर उठते. टॉर्च तिरका धरून केसासारखी काळी रेष दिसते का तेही बघा. दिसली तर ती करंटने जाळून केलेली पायवाट आहे. पुसून जात नाही, कॅपच बदलावी लागते. कॅपच्या मध्यभागी स्प्रिंगवरचा कार्बनचा तुकडा असतो, तो दाबल्यावर आत-बाहेर झाला पाहिजे. रोटरला बारीक तडा असला तरी तो बाद.

वायरींवर दातांच्या खुणा आहेत का हे बघायला विसरू नका. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर गाडीचं वय बघत नाहीत.

*मधल्या वायरीवरही ठिणगी नाही.* आता टेस्टर बल्ब काढा. पुढचं नीट वाचा, माझे तीन आठवडे इथे वाचले असते.

किल्ली ऑन करा. बल्बची एक वायर अर्थला, दुसरी कॉईलच्या अधिक टोकाला, म्हणजे किल्लीकडून येणाऱ्या वायरीच्या टोकाला. बल्ब लागला पाहिजे. लागत नसेल तर दोष किल्लीपासून कॉईलपर्यंत: फ्यूज, इग्निशन स्विच, चोर स्विच, सुटलेली पिन.

लागला तर दुसरी वायर कॉईलच्या उणे टोकाला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो.

लुकलुकतोय आणि तरी ठिणगी नाही, तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) किंवा कॉईल. आधी कंडेन्सर, कारण तो स्वस्त आणि जास्त दगाबाज. पॉइंटवर जाड पिवळ्या ठिणग्या उडत असतील तर जवळपास तोच. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर बाद, हीही त्याची खोड आहे. लुकलुक पुरती बंद आणि बल्ब विझलेलाच, तर पॉइंट उघडतच नाहीत, त्यांची वायर कुठेतरी अर्थ झालीय, किंवा कॉईल आतून तुटलीय. उणे टोकावरची डिस्ट्रिब्युटरची वायर काढून बघा. आता बल्ब लागला तर कॉईल निर्दोष.

बल्ब सतत पेटलेलाच राहतोय, तर पॉइंट मिटतायत तरी जोड होत नाहीये. माझं हेच होतं.

अशा वेळी आधी पॉइंट साफ करा. पॉलिशपेपर मध्ये घालून दोन-तीनदा हलकेच ओढा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेली पुठ्ठ्याची पट्टी फिरवून कचरा काढा. लांब उभ्या राहिलेल्या गाडीत पॉइंटवर नुसता ऑक्साइडचा थर बसलेला असतो. गॅप साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा, नेमका आकडा तुमच्या डिस्ट्रिब्युटरप्रमाणे बघा. गॅप मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) उंच कोपऱ्यावर हवी; सपाट बाजूवर मोजलेला गॅप म्हणजे थाप. रस्त्यात अडलात आणि गेज नाही, तर व्हिजिटिंग कार्डावर घरापर्यंत येता येतं.

मी हे सगळं केलं, आणि बल्ब तसाच ढिम्म. मग डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या टर्मिनलपासून आत पॉइंटपर्यंत जाणारी ती बोटभर वायर पेन्सिलने हलवली. बल्ब विझला. सोडली, पेटला. बाहेरून वायर धडधाकट. पक्कडीने हलकेच ओढली तर आवरण रबरासारखं ताणलं गेलं, आत तांब्याचा एक धागा शाबूत नव्हता. आतली प्लेट हलते तशी ही वायर वर्षानुवर्षं वाकत राहते आणि आतल्या आत तुटते. नवी टाकताना बारीक धाग्यांची, लवचिक वायर घ्या. घरातल्या बटणाची एकतारी वायर तिथे महिनाभर टिकत नाही.

५. ठिणगी आहे, मग पेट्रोल बघा

एअर फिल्टर काढा. टॉर्च कार्बोरेटरच्या घशात धरा आणि हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. या वेळी सेल्फ मारायचा नाही आणि तोंड वर न्यायचं नाही. इंजिन उलटं फुरफुरलं तर भुवया जातात.

पिचकारी नाही, तर कॉईलची जाड वायर काढून अर्थला टेकवून ठेवा, म्हणजे ठिणगीची भीती नको. कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोके देत, पिचकाऱ्यांनी आलं पाहिजे.

आलं, तर पंप चांगला आणि अडचण कार्बोरेटरच्या सुईत, म्हणजे वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या झडपेत. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन-चार हलक्या टिचक्या मारा, चिकटलेली सुई सुटते. नाही आलं तर लगेच पेट्रोलच्या पंपाला (मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात) दोष देऊ नका. हा पंप इंजिनच्या कॅमवर चालतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. त्या बाजूच्या रबरी पाइपला चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत आणि पंप नुसता हवा पितोय. टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. झाकण उघडल्यावर पेट्रोल यायला लागलं तर हवेचं भोक बुजलंय. नाहीतर टाकीतल्या गंजाने फिल्टर भरलेला असतो. एवढं सगळं ठीक निघालं तरच पंपाचा पडदा.

बाटलीतलं पेट्रोल पाच मिनिटं उजेडात ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ई२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीला याचं विशेष काही नाही, पण आपल्या गाड्या पावसाळाभर कव्हरखाली झोपतात. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, आणि टाकीतला पाइप नेमका तळातूनच ओढतो. अशा टाकीत नवं पेट्रोल ओतून भागत नाही, रिकामी करावी लागते. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही या पेट्रोलने फुगतात, कडक होतात. बदलताना ई२० ला चालणारे मागून घ्या.

उलट तक्रार असेल, म्हणजे प्लग ओले आणि पेट्रोलचा घमघमाट, तर गाडी ओव्हरफ्लो झालीय. चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, पंपिंग करू नका, आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. नाही उठली तर प्लग काढून सुकवा.

मे महिन्यात घोडबंदर रोडवर तासभर रखडल्यावर बंद पडलेली गाडी ही वेगळी गोष्ट. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. फडकं ओलं करून पंपावर आणि पाइपवर गुंडाळा, वीस मिनिटं चहा प्या. जुने टॅक्सीवाले उन्हाळाभर पंपावर ओलं फडकं बांधूनच फिरायचे. पाणी कॉईलवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर जाऊ देऊ नका एवढंच.

६. दोन्ही आहे, तरी उठत नाही

कॅप काढून सेल्फ मारायला सांगा आणि रोटर फिरतोय का बघा. फिरत नसेल तर टायमिंग चेन किंवा डिस्ट्रिब्युटरचा गिअर गेला. इथे आपलं काम संपलं.

फिरत असेल तर प्लगच्या वायरींचा क्रम बघा. फियाटचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. धुलाईनंतर किंवा प्लग बदलल्यावर दोन वायरी उलटसुलट लागल्या की इंजिन फटफट करतं, कार्बोरेटरमधून खोकतं, पण उठत नाही. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायची सवय लावून घ्या. डिस्ट्रिब्युटर हाताने फिरतोय का तेही बघा, बोल्ट सैल असेल तर टायमिंग सरकलेलं असतं.

हेही ठीक, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. त्याचा गेज गॅरेजमध्ये असतो. आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. शेजारशेजारचे दोन कमी दाखवत असतील तर बहुधा हेड गॅस्केट.

७. मिस्त्री बोलवायचा झाला तर

"गाडी चालू होत नाही" असं सांगू नका. "मधल्या वायरीवर ठिणगी नाही, उणे टोकावर बल्ब सतत पेटतो" असं सांगा. समोरच्याला काम येत असेल तर त्याचा चेहरा खुलतो. नसेल तर तो म्हणतो, "साहेब, पूर्ण वायरिंग करून टाकू." त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एका वेळी एकच पार्ट बदलायचा, गाडीत फरक पडला का बघायचं, मग दुसरा. काढलेला पार्ट परत मागून घ्या. माझी "खराब" कॉईल मी नंतर तपासली, ठणठणीत होती. आता ती डिकीत जादा म्हणून असते, तिच्यासोबत कंडेन्सर, पॉइंटचा सेट आणि रोटर.

पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसकडची दुकानं पालथी घाला. ही गाडी कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे त्या भागात जुन्या डब्यांतून अजून काय काय निघतं. कंडेन्सर घेताना दोन घ्या. नवेही बाद निघतात.

टो करून न्यायची असेल तर आरसी, विमा आणि पीयूसी जवळ ठेवा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं आरसी नूतनीकरण झालंय का, मुदत कधीपर्यंत आहे, हे आधी बघा. मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये कागद असले तरी चालतात. दोरीने ओढू देऊ नका, फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) मागवा. आमच्या गल्लीत एकदा ती फ्लॅटबेड उलटी आत घ्यायला अर्धा तास लागला होता, म्हणून आता मी गाडीच धक्का मारून नाक्यापर्यंत नेतो आणि तिथे त्यांना बोलावतो. धक्क्याला तेच तीन काका असतात.